सूर्यास्तापर्यंत कोट गहाण

आक्काला कोणी बनवू शकत नाही, हे आक्काला पक्कं माहीत होतं. तिचं म्हणणं असं, की माणूस बोलायला लागला की त्याला काय हवंय ते तिसऱ्या वाक्याला कळतंच, आणि नाही कळलं तर ऐकणाऱ्याने आधी स्वतःचे कान तपासावेत. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला एवढी खात्री असायला काही हरकत नाही. खात्री दुसऱ्यांच्या बाबतीत फार छान चालते.

तिचा भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. त्याला सगळा रस्ता मास्तर म्हणायचा, कारण तो कोट शिवायचा आणि चांगले शिवायचा. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल आणि आरसा. मागच्या खोलीत दोन मशिनं, इस्त्रीची फळी, पडद्याआड स्वयंपाकाचा ओटा, आणि वर माळ्यावर दोन खाटा. कापड कापायचे मास्तर, मशिनवर दोघं बसायची, आणि अस्तर, कॉलर, काजं, बटणं ही हातकामं आक्काची. लग्न दोघांचंही झालं नव्हतं. वेळच मिळाला नाही, असं मास्तर सांगत. कोणी विचारलंच नाही, असं आक्का सांगे, आणि खरं तेच होतं.

या दोन खोल्या भाड्याच्या. मालकाने त्या विकायला काढल्या तेव्हा सौदा तोंडी झाला, कारण तीस वर्षांच्या ओळखीत कागद कोण मागणार? अर्धे पैसे लगेच दिले, उरलेले अर्धे हिवाळा संपायच्या आत द्यायचे, मग कागद. ते उरलेले अर्धे बँकेत तयार होते. अकरा वर्षं दोघांनी पोटाला चिमटा काढून ते साठवले होते. आक्काने नवी चादर घेतली नव्हती आणि मास्तरांनी गुडघ्याचं दुखणं डॉक्टरला दाखवलं नव्हतं. त्या पैशांवर त्यांचं छप्पर होतं. एवढं लक्षात असलं की पुढचं सगळं समजतं.

तर एका सकाळी आक्का बटणं आणायला गेली, आणि परत येऊन बघते तो दुकानात भोंग्या बसलेला.

भोंग्या हा मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. कापडाची दलाली करायचा. त्याचा आवाज असा, की तो कानात काही सांगायला लागला तर समोरच्या घरातली माणसं खिडकी उघडायची. मनाने दुष्ट नव्हता, पण गोड बोलण्याची त्याला सवयच लागली होती, जशी कुणाला तंबाखूची लागते.

"मास्तर, तुमच्या हातात जी जादू आहे ती कुणाकडे नाही," तो सांगत होता. "मी चार शहरं हिंडतो. कोट पुष्कळ बघतो. पण हा मी घातलाय ना, दोन महिन्यांपूर्वी तुम्ही शिवलेला, याच्या खांद्यांकडे लोक वळून बघतात."

मास्तर पाघळले होते. चेहऱ्यावर दिसतच होतं. आक्काने पिशवी खाली ठेवली आणि मनात मोजलं, एक वाक्य, दोन वाक्यं, आता तिसरं. पण उशीर झाला होता. दोघांनी हातावर हात मारलेला होता. उरलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा मास्तरांनी भोंग्याला द्यायचं कबूल केलं होतं, दीड महिन्यासाठी. गोदामात माल अडकलाय, सोडवला की पैसे परत.

भोंग्या गेल्यावर आक्का म्हणाली, "चढलास हरभऱ्याच्या झाडावर?"

"दोस्त आहे गं. दीड महिन्याचा तर प्रश्न."

"दोस्त आहे तर मागायला आल्यावर पैसे मागावेत. ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं? वडील काय सांगायचे? कर्ज घेणारा देणाऱ्याचा गुलाम होतो. आणि खुशामत करणारा मित्राच्या पायात जाळं पसरतो. पाठ होतं ना तुला?"

पाठ दोघांनाही होतं. त्यांचे वडील रविवारी चर्चमध्ये गप्प बसत, पण रोज सकाळी चहाच्या वेळी मुलांकडून शास्त्रातला एक उतारा म्हणून घेत, आणि म्हटल्याशिवाय पाव मिळत नसे. त्यामुळे मास्तरांना जेवढे पाव आठवत, तेवढे उतारेही आठवत. फरक इतकाच, की मास्तर ते विसरायला तयार असत आणि आक्का नसे.

"हात मारलाय मी," मास्तर म्हणाले. "शब्द दिलाय."

"मग शब्द पाळायचा. पण तारण घ्यायचं."

"कशाचं तारण? त्याच्याकडे आहे काय?"

आक्काला ते सुचलं तेव्हा तिला स्वतःचाच फार अभिमान वाटला. "कोट," ती म्हणाली. "शास्त्रात आहे. गरजवंताचा अंगरखा गहाण घेता येतो. मात्र सूर्य मावळायच्या आत परत करायचा, कारण थंडीत त्याला पांघरायला तेवढंच असतं. सकाळी आणून ठेवायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. रोज. पैसे फिटेपर्यंत."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "अगं, एवढ्या पैशांना एक कोट कसा पुरणार?"

"कोट पुरत नाही रे, पण त्याला रोज आपल्या दारात यावं लागेल. ज्याला रोज तोंड दाखवावं लागतं तो पैसे बुडवत नाही."

आता यात अक्कल नव्हती असं कोण म्हणेल? भोंग्याने ऐकलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, आक्का, तुमच्यासारखी बाई झाली नाही आणि होणार नाही. पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच अंगात नुसता स्वेटर घालून, कोट हातावर टाकून हजर झाला.

इथवर ठीक होतं. पण भोंग्या नुसता कोट ठेवून गेला असता तर तो भोंग्या कसला. दारातूनच त्याने सुरू केलं. "देवमाणूस आहेत मास्तर! मागितले आणि दिले! कागद नाही, व्याज नाही!" रस्त्यावर दूधवाला होता, शाळेत निघालेली मुलं होती, कामाला निघालेली अर्धी गल्ली होती. संध्याकाळी कोट नेताना पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आक्का सांगायची, हळू बोल रे बाबा. तो म्हणायचा, चांगल्या माणसाचं चांगलं हळू कशाला बोलायचं? आणि मास्तर, खरं सांगायचं तर, सकाळी त्या वेळेला दाढी करून तयार बसायला लागले.

चौथ्या दिवशी समोरचा सायकलवाला आला. त्याला टायर घ्यायचे होते, पैसे हवे होते. पाचव्या दिवशी दूरच्या नात्यातली एक मावसबहीण आली, जिची नऊ वर्षांत ख्यालीखुशाली कळली नव्हती. तिला मास्तरांच्या तब्येतीची फार काळजी वाटत होती, आणि एक कपाटही घ्यायचं होतं. आठवडाभरात सात जण येऊन गेले. सगळ्यांनी आधी मास्तरांच्या हाताची, मनाची आणि आक्काच्या चहाची तारीफ केली. आक्काचा चहा कसा असतो ते आक्काला माहीत होतं. नाही म्हणता म्हणता तिचा जबडा दुखायला लागला, आणि नकार मिळालेले सातही जण बाहेर जाऊन सांगत, पैसा आहे हो, पण देण्याची दानत माणूस बघून.

दुसऱ्या मंगळवारी मालक आले. मालक म्हणजे उंच, सडपातळ, फार न बोलणारे गृहस्थ. मास्तरांनीच शिवलेला करडा कोट त्यांच्या अंगावर होता. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुमच्याकडे लोकांना वाटायला पैसे आहेत असं ऐकतो. आनंद आहे. मग माझे राहिलेले येत्या शनिवारी देऊन टाका. औषधांचा दुकानदार रोज फोन करतो, तुमच्यापेक्षा जास्त देतो म्हणतो. मी त्याला थांबवलंय ते तुमची ओढाताण असेल म्हणून. ओढाताण नसेल तर मी का थांबू?"

"हिवाळा संपेपर्यंत ठरलं होतं, मालक," मास्तर म्हणाले.

"ठरलं होतं तेव्हा तुम्ही सावकार नव्हतात."

मालक गेले.  त्याच वेळी वडिलांनी म्हणून घेतलेलं एक वचन आक्काला लख्ख आठवलं, की पहाटे उठून मोठ्या आवाजात जो मित्राचं कौतुक करतो, त्याचं ते कौतुक शापाच्या खात्यात जमा होतं. लहानपणी तिला ते मुळीच कळलं नव्हतं. कौतुक करण्यात शाप कसला? आता चार दिवसांत छप्पर जायची वेळ आल्यावर तिला त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं.

त्या संध्याकाळी भोंग्या यायच्या आधी ती त्याच्या कोटाची घडी घालत होती. एरवी, पहिली संध्याकाळ सोडली तर, तो मास्तरच त्याच्या हातात देत. आक्काच्या हाताला एक सवय होती. कुठलाही कोट घडी घालताना समोरच्या दोन्ही कडा ती कच्च्या टाक्याने सांधून टाकायची, म्हणजे कडा वळत नाहीत. गिऱ्हाईक घरी जाऊन तो पांढरा दोरा ओढून काढतं आणि मग कोट घालतं. तिने सुई उचलली, बोटाने कड चाचपली, तर टाका तिथे होताच.

टाका तिचाच होता. तिने नीट चाचपून बघितलं. पहिल्या संध्याकाळचा, गाठ दबून सपाट झाली होती. म्हणजे निदान आठवडाभर हा कोट रोज सकाळी येत होता, रोज संध्याकाळी जात होता, आणि एकदाही कुणी अंगात घातला नव्हता. आणि ती मात्र त्या नुसत्या स्वेटरमधल्या माणसाला बघून कळवळत होती. दोन दिवसांपूर्वी तिने त्याला आल्याचा चहासुद्धा दिला होता. संताप आला तो आधी त्या चहाचाच आला.

भोंग्याची वाट न बघता तिने कोट उचलला आणि त्याचं गोदाम गाठलं. गोदाम म्हणजे एका जुन्या इमारतीतला तळमजला, कापडाच्या ताग्यांनी भरलेला. भोंग्या दिव्याखाली बसून कसलासा हिशेब करत होता, आणि त्याच्या अंगात नवाकोरा, गडद निळा कोट होता. स्टेशनजवळच्या दुसऱ्या शिंप्याचं काम. आक्काने ते दारातूनच ओळखलं.

"गरिबाचं पांघरूण आणलंय," ती म्हणाली. "सूर्य मावळायच्या आत. घे."

भोंग्या उठला, बसला, पुन्हा उठला. पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू झाला. "आक्का, बसा ना."

"मी बसायला आले नाही. तुझ्या तोंडामुळे आमचं घर हातचं चाललंय. मालक शनिवारी सगळे पैसे मागतायत. आहेत तुझ्याकडे?"

"सगळे नाहीत. आईशप्पथ. निम्मे होतील. माल सुटलाय थोडा."

"निम्मे शुक्रवारी आणायचे. आणि शुक्रवारी सकाळी त्याच दारात उभं राहून, त्याच आवाजात, खरं काय ते सांगायचं. मास्तरांनी घरासाठी साठवलेले पैसे मी गोड बोलून घेतले आणि ते अजून फेडले नाहीत, असं. ज्याने रस्त्याला खोटं ऐकवलं त्यानेच खरं ऐकवायचं."

भोंग्याने मान खाली घातली. "सांगेन," तो म्हणाला. भोंग्यात हे एक होतं, पकडला गेला की भांडत नसे.

आक्का वळली. तेवढ्यात तिला राहवलं नाही. "एवढं कौतुक केलंस त्या कोटाचं, मग रोज घालत का नाहीस?"

"खरं सांगू?"

"आजपासून तेच सांगायचं ठरलंय ना."

"खांदे पडतात, आक्का. बोटभर खाली येतात. बायको म्हणाली, कुणाचा मागून आणलात? मास्तरांचे जुने कोट माझ्याकडे आहेत, ते अजून खांद्यावर असे बसतात की बस. पण या दोन वर्षांतलं कटिंग गेलंय त्यांचं." त्याने तिच्या हातातल्या कोटाचा खांदा दाखवला. "आणि तुम्हाला ते माहीत आहे. मी कापडातला माणूस आहे, आक्का. गल्लीतल्या पाच जणांचे कोट मी बघितलेत. खांद्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे, आणि ती तुमच्या हाताची आहे. माझा कोट मी घाईने त्याच दिवशी घेऊन गेलो, म्हणून तो तेवढा राहिला."

आक्काने कोट ताग्यांवर ठेवला.

"मी पैशांसाठी गोड बोललो," भोंग्या म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्ही कशासाठी बोलता?"

परत येताना आक्काला रस्ता दिसला नाही. खरं होतं ते. मास्तरांचा गुडघा दुखायला लागल्यापासून ते टेबलाच्या एकाच बाजूला उभे राहून कापायचे. पूर्वी ते टेबलाभोवती फिरायचे. खांद्याची रेघ टेबलाच्या पलीकडच्या टोकाला येते, ती वाकून ओढली की कलते, बस, एवढंच. पहिल्यांदा ते आक्काच्या लक्षात आलं तेव्हा मास्तर तिला विचारत होते, कसा झालाय गं कोट? आणि तिने सांगितलं होतं, झकास. मास्तर बँकेत गेले की ती खांदे उसवायची. दोन वर्षं. तिला ते प्रेम वाटत होतं. आता मात्र तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटायची आक्काला अजिबात सवय नव्हती.

बुधवारी तिने सांगायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं, आणि विचारलं, मीठ आणू का? गुरुवारी पुन्हा. तेव्हा मास्तर स्वतःहूनच म्हणाले, "घर गेलं तरी हात आहे ना माझा, आक्का. कुठेही टेबल टाकू." यानंतर कसं सांगायचं? दुसऱ्याला चार शब्दांत सरळ करणारी बाई स्वतःच्या भावासमोर चार शब्द जुळवू शकली नाही.

शुक्रवारी भोंग्या आला. निम्मे पैसे आणले, आणि दारात उभं राहून असं खणखणीत खरं बोलला, की सायकलवाला पंक्चर काढता काढता थांबला. "मास्तरांच्या घराचे पैसे मी गोड बोलून नेले! निम्मे अजून माझ्याकडेच आहेत! त्यांच्याकडे द्यायला काही नाही, कुणी मागायला येऊ नका!" मास्तरांचा चेहरा पडला, पण गल्लीतली तब्येतीची चौकशी त्या दिवसापासून बंद झाली. मावसबहीण तर पुन्हा नऊ वर्षांसाठी गेली.

शनिवारी मालक आले. टेबलावर पैसे मोजून ठेवले होते. सहावा हिस्सा कमी होता. मालकांनी ते ऐकलेलंच होतं.

"म्हणजे तुम्ही सावकार नाही, भोळे आहात," ते म्हणाले. "ते एक बरं झालं. पण औषधवाला आज सगळे रोख देतो. तुमचे उरलेले कुठून येणार? तुमचा तो दोस्त देईल न देईल. तुम्हीच कमावून देणार. म्हणजे माझे पैसे मास्तरांच्या हातावर." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. आक्काकडे पाहिलं. "तुम्ही शास्त्र वाचणाऱ्या. तुम्हाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नाही. मास्तरांचा हात पूर्वीसारखा चालतो ना? तुम्ही हो म्हणा, मी औषधवाल्याला नाही सांगतो."

एक 'हो' पुरेसा होता. समोर मास्तर बसले होते आणि त्यांना उत्तर ठाऊकच होतं, म्हणून ते थोडे हसतही होते. आक्काने ते हसू बघितलं. तिला वाटलं, आजचा एक दिवस हो म्हणावं आणि सोमवारी खरं सांगावं. मग तिला कळलं की गेल्या दोन वर्षांत दर शनिवारी तिला सोमवार असाच दिसत होता.

"नाही," ती म्हणाली.

मास्तर अजून हसतच होते. त्यांना ऐकू आलं होतं, पण पोचलं नव्हतं.

"कटिंग चुकतंय त्याचं," आक्का म्हणाली.  "गुडघ्यामुळे टेबलाभोवती फिरवत नाही त्याला. खांदे पडतात. दोन वर्षं मी त्याच्यामागे उसवून नीट बसवतेय. त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही. तो विचारायचा, मी झकास म्हणायचे."

मालकांनी स्वतःच्या करड्या कोटाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा गेल्या वर्षीचा."

"शिवण माझी आहे."

 मास्तर जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, लहानपणी उतारा चुकला की व्हायचे तसे. आक्काला वाटलं, घरही गेलं आणि भाऊही गेला.

मालक उठले. "घर विकायचं म्हणून मी गेल्या सहा महिन्यांत पुष्कळांशी बोललो," ते म्हणाले. "प्रत्येकाने मला स्वतःचे गुण सांगितले. सहा आठवडे देतो. एक दिवसही जास्त नाही." टेबलावरचे पैसे त्यांनी उचलले, पावती लिहिली, आणि दार ओढून घेऊन गेले.

मास्तरांनी विचारलं, "दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"प्रत्येक कोट?"

"भोंग्याचा सोडून."

"मला आधी एकट्याला सांगता आलं असतं, आक्का. मालकासमोर कशाला?"

"एकट्याला सांगायला दोन वर्षं होती. जमलं नाही मला." तिचे डोळे भरून आले. "मी तुझ्याशी भोंग्यासारखी वागले. त्याच्याहून वाईट. त्याने पैसे तरी घेतले."

मास्तर गुडघा चोळत राहिले. रागावले होते, आणि रागावायचा त्यांना हक्क होता. मग एकदम म्हणाले, "बस. आता तू खरं बोललीच आहेस, तर माझंही ऐकून घे. तुझी काजं तिरकी येतात."

"काय?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. टाके एकावर एक चढतात, काही सुटतात. तू सकाळी दूध आणायला जातेस ना, तेवढ्या वेळात मी उसवून पुन्हा करतो. भिंग लावून."

आक्काचा विश्वास बसेना. "आणि मला सांगायचास, आक्का, तुझ्यासारखं काज या रस्त्यावर कोणी करत नाही."

"करतच नाही कोणी तसं."

तिला राग आला. इतका आला की तिने कात्री उचलून पुन्हा ठेवली. "माझे डोळे उत्तम आहेत. रोज शास्त्र वाचते मी."

"वाचतेस कुठे? पाठ आहे तुला. गेल्या रविवारी पुस्तक उलटं धरलं होतंस. चष्मा घे, आक्का."

आणि मग, आता काय सांगायचं, आधी मास्तर हसले की आक्का, ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. हसता हसता आक्का रडली आणि रडता रडता तिने मास्तरांना दोन वेळा मूर्ख म्हटलं, एकदा स्वतःलाही. सायकलवाल्याने खिडकीतून डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना? आक्काने त्याला सांगितलं की पैसे नाहीत.

डोळे पुसून झाल्यावर मास्तर म्हणाले, "लांबचं दिसतं ना तुला?"

"समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजून दाखवू?"

"मग कटिंग तू कर. टेबलाभोवती फिरायला पाय आहेत तुझे. मी खुर्चीत बसून काजं करतो. सहा आठवड्यांत नऊ कोट झाले पाहिजेत."

"मी कधी पूर्ण कोट कापलेला नाही."

"दोन वर्षं खांदे तूच बसवतेयस. उरलेला कोट खांद्यांच्या खालीच असतो."

त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्याकडे दिली आणि स्वतः खुर्ची ओढून भिंतीशी बसले. आक्काने काळं कापड टेबलावर पसरलं, दुहेरी घातलं, वर साचा ठेवला. पलीकडच्या टोकाला फिरून गेली. खडू घेतला आणि एका दमात खांद्याची रेघ ओढली. चांगली जमली होती. तिने खुर्चीकडे पाहिलं.

"कशी झाली?"

मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं. तोंडावर 'झकास' आलं होतं, तिला दिसलं ते.

"वाकडी आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"गळ्यापाशी. सुतभर."

ती वाकली, नीट बघितलं. होती वाकडी. तिने रेघ पुसली आणि पुन्हा ओढली.